बबल्याच्या गुडघ्यावरची खपली

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची मोठागावात. छोटा टेम्पो केला आणि ठाण्याहून माणकोलीच्या पुलावरून आरामात पोचले. शीळफाट्याने आले असते तर अजून एखाद्या ट्रेलरमागे अडकून ड्रायव्हरच्या संसाराची कहाणी ऐकत बसले असते. ती तशीही ऐकलीच म्हणा. माझं काम काय ते त्याने विचारलं. म्हटलं, सिनेमातल्या चुका शोधते. त्याचे पैसे मिळतात यावर त्याचा विश्वास बसेना. मी सांगितलं, दादा, सासरी फुकट शोधत होते, बाहेर पैसे देतात.

घोडबंदर रोडवरच्या सेटवर इतकी वर्षं मी हेच केलं. कंटिन्युइटी. सासूबाई तणतणत दाराबाहेर पडल्या तेव्हा पदर खांद्यावर होता आणि बाहेर आल्या तेव्हा डोक्यावर कसा, हे बघणारी बाई म्हणजे मी. आता मालिका सोडली आणि ‘काळं खाजण’ घेतलं. माझ्या लहानपणी गाजलेला मराठी भयपट, त्याचे तीन भाग. एक कंपनी आता चौथा काढतेय. तिचा निर्माता ऋतुराज वयाने माझ्यापेक्षा बराच लहान आणि सतत घाईत असतो. आधीचे तीन भाग एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. त्या प्रत्येक भोकाला पटेल असं ठिगळ शोधून द्यायचं, हे माझं काम.

सिनेमा याच घरात आणि मागच्या खाडीत झाला, म्हणून ऋतुराजने मला इथेच माडीवरची खोली घेऊन दिली. घर अगदीच भुताटकीचं नाही. पिस्ता रंग, पुढे नव्या टाइल्स, दारात स्कूटर. खिडकीतून तिवरं दिसतात, त्यांच्यापलीकडे पाणी आणि पूल. मालकीण मनुबाई, कोळीण, सत्तरीच्या पुढची, पण मासळीची पाटी उचलायला मला जड गेली आणि त्यांना नाही. सिनेमातला धाकटा मुलगा बबल्या, त्याचं काम त्यांच्याच साईनाथने केलं होतं. भिंतीवर त्याचा फोटो आहे, हार नाही.

मनुबाईंना मी सांगितलं की मिस्टर मागाहून येतील. प्रशांतला जाऊन गेल्या गणपतीत वर्ष झालं. डेंग्यूचा ताप आला, ॲडमिट केलं आणि गौरी जायच्या आधी तो गेला. पण एकटी बाई म्हटलं की खोली देणाऱ्यांची तोंडं कशी होतात ते मी फार बघितलंय. त्यामुळे आता ते खोटं आपोआप येतं. मंगळसूत्रही त्याचसाठी गळ्यात ठेवलंय. निदान ओळखीच्यांना तरी मी असंच सांगते.

मनुबाई एवढंच म्हणाल्या, “येल. दार उघराच अस्तं.”

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस सिनेमेच बघतेय. काय मजा आहे. पहिल्या भागात बाप रेल्वेत, दुसऱ्यात तो मोहन्याच्या रेयॉन कंपनीतून डबा हलवत घरी येतो. विहीर घराच्या डावीकडून उजवीकडे गेलीय. मांत्रिक भगत पहिल्या भागाच्या शेवटी होळीसारखा जळतो आणि दुसऱ्यात दाढी वाढवून हजर. कुत्रा काळ्याचा तांबडा झाला तरी नाव काळ्याच. दिग्दर्शक सुधीरशेठ आता हयात नाहीत, नाहीतर त्यांचे पाय धरले असते.

सगळ्यात मोठं भोक बबल्याचं. पहिल्या भागात खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतून, त्याला कुणीतरी आईच्या आवाजात हाक मारतं, तो चिखलात उतरतो आणि बुडतो. प्रेत दिसतं. आई छाती पिटते. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रसंगात बबल्या चुलीपुढे पाटावर बसून भाकरी खातोय. एकही माणूस विचारत नाही की बाबा, तू तर मेला होतास. तिसऱ्यात तो निम्म्या सिनेमापर्यंत आहे आणि मग नाही. जेवता जेवता पाट रिकामा, आई बाकीच्यांना वाढतेय. लोक अजून इंटरनेटवर यावर हसतात.

ऋतुराजचा फोन. “ताई, बबल्याचं लॉजिक पहिलं सॉल्व्ह करा यार, बाकी सगळं चालून जाईल. जुळा भाऊ वगैरे नको, लोक चपलेने मारतील.” मी जुळा भाऊच लिहून ठेवला होता. खोडला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज कल्याणला जायला निघाले तेव्हा खाली एक शेजारीण बसली होती. तिने सहज विचारलं, कुठे चाललात? मनुबाई तिच्यावर खेकसल्या. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे आमच्या आईचंही होतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा त्याच शेजारणीने विचारलं, कशा आलात, रिक्षाने की चालत? मनुबाई पुन्हा चिडल्या. मी हसून म्हटलं, आल्यावर विचारायला काय हरकत आहे? त्यांनी गंभीरपणे सांगितलं, “जानाऱ्याला कुठं इचारू नये, तसा येनाऱ्याला कुठशी आयलास, कसा आयलास, काय इचारू नये बाय. आयला ना? मग वारायचा.”

वारायचा म्हणजे जेवायला वाढायचं. या घरात ही शिस्त आहे खरी. मनुबाई दारात आलेल्या कुणालाच काही विचारत नाहीत. आधी पाणी देतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट सापडली आणि तेव्हापासून चैन नाही. बबल्याच्या डाव्या गुडघ्यावर पहिल्या भागात जखम आहे, अर्धवट खपली धरलेली, कडेला लाल. ती मेकअपची नाही. सुधीरशेठच्या जमान्यातला मेकअप इतका चांगला असता तर भगत असा दिसला नसता. दुसऱ्या भागात, दोन वर्षांनंतर, तीच जखम आहे. तेवढीच, तशीच, कडेला तसाच लाल. दोन्ही चित्रं शेजारी लावून मोठी करून पाहिली. मुलगा वाढलेलाही नाही. दारावरच्या खुंटीखाली त्याचं डोकं पहिल्या भागात जिथे येतं तिथेच दुसऱ्यात येतं. तिसऱ्यातही तिथेच, आणि तिसरा तर आणखी पुढे कधीतरी काढलेला. सिनेमातल्या मोठ्या भावाला तोवर मिसरूड फुटलंय.

दोन्ही चित्रं मनुबाईंना दाखवायला मी जिना उतरू लागले होते. खाली त्या साईनाथच्या फोटोखाली सुकट निवडत बसल्या होत्या. काय वाटलं कोण जाणे, तशीच परत फिरले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज प्रशांत आला.

सकाळी मी दळण घेऊन आले तर जिन्याखाली त्याच्या चपला होत्या. उजवीचा अंगठा शिवलेला, मीच वर्तकनगरच्या चांभाराकडून शिवून आणला होता. वर खुर्चीत तो बसला होता. म्हणाला, चहा टाकतेस का, आलं जास्त घाल.

जवाहर बागेच्या स्मशानात ज्याला अग्नी दिला त्या माणसासाठी मी आलं किसलं. आल्याबरोबर बोटही किसलं गेलं. पळून जावंसं वाटत होतं आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. कपबशी दिली तेव्हा त्याच्या हाताला हात लागला. तापाने फणफणला होता. मनगटाच्या वर सलाइनची पांढरी पट्टी, तिच्याखाली कापसाचा बोळा, त्यावर रक्ताचा ठिपका.

दुपारी मनुबाई स्वतः दोघांची ताटं घेऊन वर आल्या. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली, नाही अशी.

मी काही विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

तो आहे. दोन दिवस तो इथे आहे. काल मला पेपरातलं शब्दकोडं सोडवून दिलं आणि उभा सातवा शब्द नेहमीसारखा चुकवला. मी नेहमीसारखी चिडले. मग मोरीत जाऊन तोंडावर टॉवेल दाबून रडले, कारण इतकं सुख मला सोसवेना.

मनुबाईंनी आज गच्चीवर बोलावून घेतलं. त्या बोंबील पलटत होत्या आणि माझ्याकडे न बघता त्यांनी सगळं सांगितलं. पहिला भाग झाला आणि गुडघ्याची खपली पडायच्या आतच साईनाथ ओहोटीला जाळं सोडवायला उतरला आणि गाळात गेला. खरोखरीचा. तेरावा झाला. पुढे दुसरा भाग सुरू झाला तेव्हा सुधीरशेठनी बबल्या काढून टाकला होता. शूटिंगच्या पहिल्या सकाळी पोरगा चिखलाच्या पायांनी आत आला, पाटावर बसला आणि भाकरी मागितली. सगळं युनिट उभं होतं. मनुबाईंनी भाकरी वाढली. कुणीच काही विचारलं नाही. सुधीरशेठनी कॅमेरा सुरू केला. सुधीरशेठ डोळे पुसत होते, एवढं मनुबाईंना आठवतं.

मग तो राहिला. गाव गप्प राहिलं. तिसऱ्या भागाला मुंबईहून एक मुलगी आली, माझ्याच कामाची. आदल्या सिनेमाचे फोटो हातात धरून तिने जेवणाच्या प्रसंगात त्याला विचारलं, अरे, तुझी ही जखम अजून तशीच कशी? साईनाथने गुडघ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. पुढच्या शॉटला पाट रिकामा होता.

म्हणजे ते भोक म्हणजे चूक नव्हतीच. तो मुलगा होता तोवर सिनेमात होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ऋतुराजला कळवलं की बबल्याचं भोक तसंच राहू द्यावं. तो हसला. म्हणाला, ताई, तुम्हाला भोकं बुजवायला घेतलंय, राखायला नाही. मी काम सोडलं. त्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खोली ठेवा म्हटलं, पोरगा वाईट नाही.

प्रशांतचा ताप उतरत नाही. गोळी दिली, कपाळावर घड्या ठेवल्या. पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो आणि संपवतो, तरी ओठ कोरडेच. डॉक्टरला बोलावता येत नाही. डॉक्टर पहिलं काय विचारेल? कधीपासून?

रोज दिवेलागणीला त्याचा श्वास बदलतो. हॉस्पिटलात त्या शेवटच्या दिवशी बदलला होता तसाच. दोन छोटे, एक लांब, मग थांबलाच की काय असं वाटायला लावणारा खंड. माझा हात इतका घट्ट धरतो की वळ उठतो. मग निपचित पडतो. सकाळी उठून बघते तर खुर्चीत बसलेला असतो. चहा मागतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता तोच विचारायला लागलाय.

आपण ठाण्याचं घर का सोडलं? म्हटलं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. माझे कपडे कुठे आहेत? इस्त्रीला दिलेत. सगळे? हो, सगळे. फोन? रिपेअरला. आई का फोन करत नाही? राजापूरला गेल्यात, तिकडे रेंज नाही.

आयुष्यभर हेच केलं मी, लेखकांनी ठेवलेली भोकं बुजवली. इतकी पटकन ठिगळं सुचतात की माझीच मला भीती वाटली.

त्याला मान डोलावताना बघून भयंकर कळवळले. तो माझ्यावर विश्वास ठेवतो. कधी ठेवला नाही असं झालंच नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गणपती गेले का, विचारत होता. ढोल ऐकू येत नाहीत म्हणाला. त्याच्या लेखी अजून तेच दिवस चालू आहेत. मी म्हटलं, इथे खाडीकडे आवाज येत नाही. म्हणाला, मग विसर्जन तर खाडीतच करतात ना.

मी खिडकी लावून घेतली. मग त्याने विचारलं, आई गणपती सोडून राजापूरला कशी गेली?

एक ठिगळ लावलं की शेजारी नवं फाटतं. हे मला कुणी सांगायला नको होतं.

पट्टीला हात लावू देत नाही. दुखतं म्हणतो. ठिपका ओला आहे. अजून ओला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मनुबाईंना विचारलं की साईनाथला दुखायचं का. नको होतं विचारायला. सूप खाली ठेवलं त्यांनी. म्हणाल्या, रोज. बसताना कळ यायची. सकाळी खोकला यायचा आणि घशातून गाळ पडायचा, तो त्या पदराने पुसायच्या. “आये, कवा बरा होल, असा इचारायचा. मी सांगायची, उद्या.” इतकी वर्षं उद्या.

जखमेचं विचारणाऱ्या त्या मुलीला शिव्या घालता का, मी म्हटलं.

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “तिनं चांगला केला का वायट, मना आजून समाजला नाय. पन मना परत मिलला तर मी इचारनार नाय. तू तुजा बघ, बाय.”

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज दिवेलागणीला तो घाबरला. याआधी घाबरत नव्हता. श्वास बदलायला लागला तसा माझ्याकडे बघून म्हणाला, हे रोज होतं ना गं?

मी म्हटलं, नाही रे, अशक्तपणा आहे.

म्हणाला, काल पण तू हेच म्हणालीस.

मी त्याला धरून बसले. हाताखाली छाती वरखाली, मग नुसती खाली, मग—

रोज मरतोय तो. माझ्यासमोर, माझ्यासाठी. मला सकाळी चहा टाकता यावा म्हणून.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चहा नको म्हणाला. जिभेला चव नाही.

आरशात बघत होता. दाढी वाढत नाही माझी, म्हणाला. नुसतं निरीक्षण. माझ्यासारखं. इतकी वर्षं माझ्यासोबत राहून त्यालाही तशी नजर आलीय.

मी म्हटलं—काय म्हटलं ते आठवत नाही. काहीतरी म्हटलं. त्याने मान डोलावली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

ठिगळं संपली.

त्याने काहीच विचारलं नाही आज. नुसता बघतोय. मी दुखावेन म्हणून विचारत नाहीये. ते जास्त—

संध्याकाळी पुन्हा तेच. अजून जोरात. ओरडला. प्रशांत कधीच ओरडत नाही, त्या दिवशीही ओरडला नव्हता, म्हणजे आता हे वाढतंय, म्हणजे उद्या—

खालून मनुबाईंचा रडण्याचा आवाज.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळ. खुर्ची. तो.

ऊन आहे. खाडी भरलीय. शेजारी कुणीतरी मासे तळतंय. चांगली सकाळ आहे. असं काहीतरी आधी लिहावं वाटलं.

मी त्याला म्हटलं, मला तुला काहीतरी विचारायचंय. दोनदा प्रयत्न केला. तो म्हणाला, लिही. तुला लिहिताना सुचतं. मी वाचतो.

म्हणून लिहितेय. मागे उभा आहे. हात माझ्या खांद्यावर. गरम. ओळ वाचतोय, श्वास कानाशी लागतोय, दोन छोटे, एक लांब.

मी नाही विचारलं तर उद्या सकाळी तो असेल. हे मला माहीत आहे. मनुबाई, मला कळतं तुम्ही का नाही विचारलंत. मला कुणी शिव्या घालणार नाही, मीच घालीन, जन्मभर.

पण त्याला दुखतंय.

खूप आवडायचास रे तू मला. आवडतोस. शब्दकोड्यासकट.

हात अजून आहे. अजून गरम. लिहिते.

प्रशांत, तू तर गेल्या वर्षी गौरी जायच्या आधी, माझ्या हातात हात असताना—मग तू इथे कसा

हात